अडीच रुपयांचं पाऊच : ग्रामीण डाळ मिलच्या खरेदीचा एक प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात सहाशेच्या आसपास सभासद असलेली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी, थोडा कापूस, पाणी असेल तिथे हरभरा, अशी इथली शेती. कंपनीची स्वतःची छोटी डाळ मिल आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यांसाठी जी मिनी डाळ मिल विकसित केली, त्याच धाटणीची. दोन पाळ्या चालवल्या तर दिवसाला पंधरा क्विंटल तूर भरडून होते. २०२५ च्या फेब्रुवारीत या कंपनीला तोवरची सर्वांत मोठी ऑर्डर मिळाली. ती पूर्ण करताना जे घडलं ते गावोगावच्या लहान उद्योगांच्या कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत आणि हिशेब सहज कळावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

ऑर्डर

६ फेब्रुवारीला नागपुरातल्या किराणा दुकानांच्या एका साखळीशी लेखी करार झाला. एकूण १०० क्विंटल तूरडाळ. त्यातली ६० क्विंटल एक किलोच्या छापील पाऊचमध्ये आणि ४० क्विंटल पन्नास किलोच्या कट्ट्यांत. पाऊचच्या डाळीला किलोमागे १२४ रुपये, कट्ट्यातल्या डाळीला ११६, जीएसटी सोडून. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद आणि लेबल लावलेल्या डाळीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, पन्नास किलोच्या कट्ट्यावर लागत नाही. त्यामुळे एकाच डाळीची बिलं दोन तऱ्हेची होणार होती.

माल २१ मार्चला नागपुरात पोचवायचा होता. ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि दुकानांना त्याआधी आठवडाभर माल मांडून ठेवायचा होता. पैसे ३० दिवसांत मिळणार होते. ही अट कंपनीने आग्रहाने घालून घेतली. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार, लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडकवता येत नाहीत. ज्यांची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, झालेली आहे, त्यांनी करार करताना हे समोरच्याला जरूर सांगावं. अनेक कंपन्या संकोचाने बोलत नाहीत आणि मग शेतकऱ्यांचे चुकारे थकतात.

हिशेब असा होता. तुरीपासून डाळीचा उतारा ७० टक्के धरला तर १०० क्विंटल डाळीला १४३ क्विंटल तूर लागते. थोडी जास्त म्हणून १४५ क्विंटल घ्यायची ठरली. ७,२०० रुपये भावाने तिचे १० लाख ४४ हजार. भरडाई, मजुरी, वीज आणि तेल मिळून ५८ हजार, गावांतून गोळा करणं आणि नागपूरचं भाडं २५ हजार, पाऊच १५ हजार, कट्टे २ हजार. डाळीचे १२ लाख ८ हजार आणि चुनी-कोंड्याचे ७० हजार येणार होते. सगळं वजा जाता हाती १ लाख ३४ हजार उरत होते.

एकूण खर्चात पाऊचचा वाटा दीड टक्क्याच्याही आत होता. सगळ्यांची नजर तुरीवर होती, आणि तसं होणं स्वाभाविकच होतं.

तुरीची खरेदी

ही खरेदी फार चांगली झाली. ती कशी झाली हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही.

२०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव ७,५५० रुपये होता आणि खुला बाजार त्याच्या खाली होता. सभासदापुढे दोन रस्ते होते. सरकारी केंद्रावर नोंदणी करायची, नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि मग पैशाची वाट पाहायची. किंवा कंपनीला ७,२०० ने द्यायची आणि काटा झाला की पैसे घ्यायचे. कंपनीने कुणावर दबाव आणला नाही. बहुतेकांनी गरजेपुरती तूर कंपनीला दिली आणि उरलेली सरकारी केंद्रासाठी घरात ठेवली. सभासद हा एकाच वेळी मालक आणि विक्रेता असतो, हे ज्या कंपन्या विसरतात त्यांचा पुढच्या वर्षीचा माल बाहेर जातो.

भाव ठरवायला मंडळाच्या तीन बैठका झाल्या. ७,२०० की ७,१५० यावर बराच काथ्याकूट झाला. एका संचालकाची स्वतःची वीस क्विंटल तूर विकायची होती. ते तिन्ही बैठकांना आले, पण भावाचा विषय निघाला की उठून बाहेर जायचे. "माही तूर हाय, तं म्या भाव नाय ठरवत," एवढंच म्हणायचे. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. खरेदीत हितसंबंध आणि निर्णय वेगळे ठेवावेत असं जे सांगितलं जातं, ते या माणसाने आपणहून पाळलं. त्यामुळे पुढे कधीही भावावरून कुजबुज झाली नाही.

दरम्यान एका व्यापाऱ्याने ट्रकभर तूर ७,०५० ने द्यायची तयारी दाखवली. क्विंटलमागे दीडशे रुपये वाचत होते. व्यवस्थापकाने नमुना मागवला आणि मॉइश्चर मीटर लावला. आर्द्रता १४ टक्के निघाली. सभासदांची तूर १० टक्क्यांच्या आसपास होती. आता गणित पाहा. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलो तुरीत कोरडा माल ८६ किलो. ती वाळून १० टक्क्यांवर आली की वजन साडेपंच्याण्णव किलो भरतं. म्हणजे साडेचार किलो पाण्याचे पैसे दाण्याच्या भावाने मोजायचे. ७,२०० च्या हिशेबाने हे सव्वातीनशेच्या आसपास जातात. दीडशे वाचवायला गेलं असतं तर सव्वातीनशे गेले असते, शिवाय वाळवायला अंगण, मजूर आणि दिवस. मार्चमध्ये आभाळ भरून आलं तर वेगळीच धावपळ. व्यापाऱ्याला नाही म्हटलं.

कंपनीने तुरीसाठी एक छापील कागद तयार केला होता. आर्द्रता १२ टक्क्यांपर्यंत, माती-काडीकचरा किती चालेल, फुटका आणि किडका दाणा किती, नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घ्यायचा. कागद गावातल्या संकलन केंद्राच्या दारावर चिकटवलेला होता. ज्याची तूर बसली नाही त्याला कारण आकड्यात सांगितलं जायचं, त्यामुळे वाद झाले नाहीत. काय हवं ते आधी लिहून ठेवणं हे खरेदीचं पहिलं काम. तुरीच्या बाबतीत कंपनीने ते मनापासून केलं. २५ फेब्रुवारीपर्यंत १४५ क्विंटल तूर गोदामात होती आणि मिल सुरू झालेली होती.

पाऊचच्या बाबतीत असा कागद नव्हता.

३ मार्च, सोमवार

पाऊचची खरेदी मंडळापुढे आलीच नाही. साठा वहीत ५,२०० पाऊच शिल्लक दिसत होते. लागणार होते ६,०००. व्यवस्थापकाने नागपूरच्या छपाईवाल्याला फोन केला, "मागच्यासारखेच थोडे लागतील, सांगतो," आणि विषय तिथेच राहिला. कमी पडणाऱ्या आठशेंची सोय होळीनंतर करू, असा विचार होता. वर्षभरापूर्वी पाऊच छापले तेव्हा गरज पाच हजारांची होती, पण छपाईवाल्याची किमान ऑर्डर दहा हजारांची. दहा हजार घेतले तर एक नग अडीच रुपयांना पडत होता, म्हणून दहा हजार घेतले. त्यातले हे उरलेले.

३ मार्चला पॅकिंगसाठी बचत गटाच्या बाया आल्या. पाऊचची बंडलं उघडली. त्याच वेळी कंपनीचा हिशेब पाहणारी ताई भिंतीवर अन्न परवान्याची फ्रेम टांगत होती. परवाना नवा होता. आधी कंपनीची उलाढाल लहान होती, तेव्हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरत होती. वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला ती चालत असे. यंदा ती मर्यादा ओलांडली जाणार होती, म्हणून जानेवारीत रीतसर परवाना घेतला. नोंदणी काय आणि परवाना काय, दोन्हींचा क्रमांक चौदा आकडीच. फरक एवढाच की नोंदणीचा २ ने सुरू होतो आणि परवान्याचा १ ने.

तिने पाऊच हातात घेऊन फ्रेमशी लावून पाहिलं आणि व्यवस्थापकाला हाक मारली. "भाऊ, पाऊचवरचा नंबर तं दोननं सुरू होते. आपला आता एकनं हाय ना?"

५,२०० पाऊच वहीत होते, गोदामात होते, उंदरांपासून जपून ठेवलेले होते. पण कामाचा एकही नव्हता.

छपाईवाल्याला फोन लागला. रंगीत फिल्म सिलिंडरवर छापली जाते, प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा. ज्या सिलिंडरवर क्रमांक कोरलेला आहे तो नव्याने बनवायचा, नमुना पास करायचा, छापायचं, फिल्मचे थर जोडायचे, पाऊच कापायचे. मध्ये होळी-धुळवड. लवकरात लवकर २७ मार्च. नागपूरला माल पोचवायची तारीख २१.

त्या संध्याकाळी मंडळ बसलं. जुन्या क्रमांकावर चिकटपट्टी लावून वर नवा क्रमांक द्यावा, ही पहिली सूचना. खरेदीदाराने ती फोनवरच नाकारली आणि त्याचं बरोबर होतं. दुरुस्ती केलेलं लेबल पाहून ग्राहक पाऊच परत ठेवतो आणि तपासणीला आलेला अधिकारी प्रश्न विचारतो. दुसरी सूचना, सगळीच डाळ कट्ट्यांत द्यावी, पाऊच दुकानवाल्यांनी भरावेत. किलोमागे आठ रुपये कमी, म्हणजे ६० क्विंटलवर ४८ हजारांचं नुकसान. शिवाय पॅकिंगवर ज्या बायांचे हात चालणार होते, त्यांची मजुरी गेली. तिसरी, शेजारच्या तालुक्यातल्या एका मिलकडून त्यांच्या नावाने पॅक करून घ्यावं. दोन संचालकांना हे पटलं होतं, पण खरेदीदाराने या कंपनीची निवडच यासाठी केली होती की डाळ कोणत्या गावच्या तुरीची ते सांगता येत होतं.

चौथी वाट व्यवस्थापकाने काढली. अकोल्याच्या ठोक बाजारात बिनछापील पारदर्शक पाऊच तयार मिळतात. यवतमाळचा ऑफसेट छापखाना चार दिवसांत पूर्ण माहितीचं मोठं लेबल छापून देतो. कोऱ्या पाऊचवर एकच पूर्ण लेबल लावायचं. कोरं पाऊच १ रुपया ६० पैसे, लेबल १ रुपया ४०, चिकटवण्याची मजुरी ५० पैसे. साडेतीन रुपये पडत होते, छापीलपेक्षा एक रुपया जास्त. पण हाताने लेबल लावताना दिवसाला ६०० ऐवजी ४०० पाऊचच होणार होते. १० मार्चपासून धरले तर धुळवड आणि रविवार वगळून १९ तारखेपर्यंत फार तर ३,२०० नग होत होते. ६,००० होणं शक्य नव्हतं.

मग व्यवस्थापकाने त्याच रात्री खरेदीदाराला सगळं खरं सांगितलं. ३० क्विंटल लेबलच्या पाऊचमध्ये आणि ४० क्विंटलचे कट्टे २१ ला पोचतील, उरलेले ३० क्विंटल छापील पाऊचमध्ये १० एप्रिलपर्यंत. अठरा दिवस आधी कळल्यामुळे त्या माणसाला दुकानांची वाटणी बदलता आली. मोठ्या दुकानांना आधी, लहानांना नंतर. त्याने उशिराच्या मालावर किलोला एक रुपया कापला आणि करार चालू ठेवला. हीच बातमी २० मार्चला कळली असती तर रुपयावर भागलं नसतं. पुरवठा करणाऱ्याची पत वेळेवर माल देण्यात असते हे खरं, पण वेळ चुकणार हे कळताक्षणी सांगण्यातही ती तेवढीच असते, असं माझं या प्रकरणावरून पक्कं मत झालं आहे.

मागून मोजलेला दिवस

पाऊचची ऑर्डर नेमकी कधी जायला हवी होती? नागपूरच्या तारखेपासून मागे येऊ. २१ ला पोचायचं तर २० च्या संध्याकाळी गाडी भरायची. दिवसाला ६०० प्रमाणे ६,००० पाऊच भरायला दहा कामाचे दिवस, मध्ये सण आणि रविवार. म्हणजे पॅकिंग ८ मार्चला सुरू व्हायला हवं. पाऊच ७ मार्चपर्यंत हातात. छपाईला वीस दिवस, म्हणजे १५ फेब्रुवारी. नमुना पाहून पास करायला तीन दिवस, म्हणजे १२ फेब्रुवारी.

करार ६ फेब्रुवारीचा. मध्ये फक्त सहा दिवस होते. ते सहा दिवस तुरीच्या भावात पन्नास रुपये इकडे की तिकडे या चर्चेत गेले. १४५ क्विंटलवर पन्नास रुपयांचे ७,२५० होतात. ती चर्चा चुकीची नव्हती, शेतकऱ्याच्या कष्टाच्या मालाचा भाव ठरवताना तीन बैठका घ्याव्यातच. पण तूर उद्याही मिळणार होती. या गावात नाही तर त्या गावात, सभासदाकडे नाही तर बाजार समितीत. पाऊच मात्र एकाच ठिकाणाहून येणार होतं, आणि ते यायला तीन आठवडे लागणार होते.

इथे खरेदीशास्त्रातली एक साधी मांडणी फार उपयोगी पडते. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये ती मोठ्या उद्योगांसाठी मांडली, पण दारव्ह्याच्या डाळ मिललाही ती तंतोतंत लागू होते. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे. हिच्यावर पैसा किती जातो? आणि ही आली नाही तर दुसरीकडून किती लवकर मिळेल? पैसा खूप आणि विकणारे खूप, तिथे भावासाठी घासाघीस करा. तूर तशी. पैसा कमी आणि विकणारे खूप, तिथे डोकं शिणवू नका. शिवायचा दोरा, सुतळी, झाडू तसे. पैसा खूप आणि विकणारा एकच, तिथे त्याच्याशी दीर्घकाळाचं नातं जोडा. पैसा कमी आणि विकणारा एकच, तिथे भावाकडे न पाहता वेळ आणि साठा सांभाळा. पाऊच या चौथ्या घरातलं होतं आणि कंपनीने त्याला दुसऱ्या घरात ठेवलं होतं.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हे चौथं घर अनुभवाने ठाऊक आहे. २०१६-१७ च्या हंगामात तूर उदंड पिकली, बाजार पडला आणि बोनससह ५,०५० रुपयांच्या हमीभावासाठी सरकारी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. तेव्हा अनेक केंद्रांवरची खरेदी थांबली ती बारदाना नाही म्हणून. तूर होती, काटा होता, घेणारा होता, भरायला पोतं नव्हतं. लोक रात्र-रात्र ट्रॉलीवर झोपले. हजारो रुपयांच्या मालाला काही रुपयांच्या पोत्याने अडवून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट साठा वहीची. तीत ५,२०० हा आकडा होता आणि तो खरा होता. पण साठा म्हणजे काय, याची व्याख्या अपुरी होती. आज वापरता येईल तोच साठा. परवाना बदलला, पत्ता बदलला, एखाद्या नियमाने लेबलवरचा मजकूर बदलला, की छापील माल त्या दिवसापासून रद्दी होतो आणि वहीला ते कळत नाही. जानेवारीत परवाना आला त्या दिवशी तो कागद ज्यांच्या हातात पडला त्यांनी विचारायला हवं होतं, हा क्रमांक कुठे कुठे छापलेला आहे?

आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाऊच मागवणारा, आल्यावर मोजून घेणारा आणि बिल मंजूर करणारा माणूस एकच होता. व्यवस्थापक प्रामाणिक आहे, मेहनती आहे, त्याच्यावर संशय घेण्याचं कुणाच्या मनातही नाही. पण तिन्ही कामं एकाच्या हातात असली की दुसरा डोळा पडत नाही. मागवणारा वेगळा, तपासून घेणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा ही रीत चोरी टाळण्यासाठी असते असं समजलं जातं. ती प्रामाणिक माणसाच्या नजरचुकीपासूनही उद्योगाला वाचवते. इथे दुसरा डोळा पडला तो योगायोगाने, फ्रेम टांगताना.

खर्च किती झाला

लेबलच्या पाऊचवर जादा ३ हजार, खरेदीदाराची कपात ३ हजार, नव्या सिलिंडरचे ५ हजार, नागपूरच्या दुसऱ्या फेरीचे ६ हजार, आणि रद्दीत गेलेल्या ५,२०० पाऊचचे १३ हजार. एकूण ३० हजार. १ लाख ३४ हजारांच्या जागी १ लाख ४ हजार हातात आले. रद्दीचे १३ हजार हे मागच्या वर्षीच खर्च झालेले, असा मुद्दा एका संचालकांनी काढला. पण मागच्या ताळेबंदात ते शिल्लक माल म्हणून दाखवले होते, त्यामुळे फटका याच वर्षी बसला. वर्षभरापूर्वी दहा हजार घेऊन नगामागे जे पैसे वाचले असं वाटलं होतं, ते अशा रीतीने व्याजासह परत गेले.

बदल

नव्या छपाईची वेळ आली तेव्हा जुनाच पेच पुन्हा समोर होता. लागणार ३,०००, किमान ऑर्डर १०,०००. सात हजार पुन्हा उरणार आणि पुन्हा काही बदललं की रद्दी. मंडळ कमी नग छापणारा शोधा म्हणत होतं.

पॅकिंगला येणाऱ्या एका काकूंनी चहा देता देता विचारलं, "मंग नंबर छापताच कायले? तारीख अन् भाव तं आपण चिठ्ठीवरच लावतो."

मला या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. बॅच, तारीख आणि किंमत पहिल्यापासून छोट्या लेबलवरच जात होती. परवान्याचा क्रमांक आणि पत्ताही तिथेच गेला तर फिल्मवर उरतं काय? कंपनीचं चिन्ह, तुरीचं चित्र, नाव. यातलं काहीच बदलत नाही. मग दहा हजार काय, वीस हजार छापले तरी भीती नाही. मोठ्या ऑर्डरचा स्वस्त भावही मिळतो आणि बदलणारी माहिती हवी तेव्हा, हवी तेवढी यवतमाळला छापून घेता येते. न बदलणारं आधी आणि मोठ्या प्रमाणात, बदलणारं शेवटी आणि थोडं थोडं, ही पुरवठ्याची युक्ती मोठमोठे कारखाने वापरतात. इथे ती रोज हाताने लेबल चिकटवणाऱ्या बाईला सुचली, कारण काम तिच्या हातून जात होतं. खरेदीच्या बैठकीला वापरणारा माणूस बोलवावा, याला याहून मोठा पुरावा नको.

नवा सिलिंडर क्रमांकाशिवाय बनला. छपाईवाल्याचा नमुना आता व्हॉट्सअ‍ॅपवर आला की हिशेब पाहणाऱ्या ताई तो कागदावर छापून एकेक ओळ तपासतात आणि सही करतात, त्याशिवाय छपाईला होकार जात नाही. फोनवरची ऑर्डर बंद झाली. खरेदी आदेशाचं पुस्तक आलं, एका पानावर वस्तू, नग, मापं, भाव, तारीख. भिंतीवर एक तक्ता लागला. वस्तूचं नाव, मागवल्यापासून यायला किती दिवस, दुसरा विकणारा कोण. दुसऱ्या विकणाऱ्याच्या रकान्यात जिथे रेघ आहे त्या वस्तू लाल पेनाने लिहिल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यात दोनच नावं होती. छापील पाऊच, आणि मिलचा एमरी रोल, म्हणजे तुरीचं साल खरवडणारा खरखरीत रोल.

पाऊचसाठी दुसरा छपाईवाला धरावा का यावर मतभेद झाले. एक बाजू म्हणे एकावर विसंबू नये. दुसरी म्हणे आपली ऑर्डर एवढी लहान, ती दोघांत वाटली तर किमान नग कुठेच भरणार नाहीत आणि दोघांच्याही लेखी आपण किरकोळ. मला दुसरी बाजू बरोबर वाटते. शेवटी तसंच ठरलं. छपाई एकाकडेच, पण पाचशे कोरे पाऊच आणि लेबलचा तयार नमुना कायम गोदामात. एमरी रोलचा एक जादा संच मिल बनवणाऱ्याकडून घेऊन ठेवला. त्यावर पैसे अडकले आहेत, पण तूर भरडण्याचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा. त्यात मिल दहा दिवस बंद राहणं परवडत नाही.

एकच घेणारा

त्यानंतरच्या हंगामासाठी त्याच साखळीने २५० क्विंटलची मागणी नोंदवली. उशीर होऊनही मागणी वाढली, ती डाळ चांगली होती आणि खरं वेळेवर सांगितलं म्हणून. कंपनीच्या हंगामातल्या एकूण डाळीचा हा चार-पंचमांश भाग. व्यवस्थापकाला आनंद झाला. भिंतीवरचा तक्ता पाहून ज्येष्ठ संचालकांनी मात्र विचारलं की, दुसरा विकणारा कोण हा रकाना आहे, तर दुसरा घेणारा कोण हा का नाही?

वऱ्हाडाने या प्रश्नाची किंमत फार पूर्वी मोजली आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक एकट्या अमेरिकेतून येत होता. तो पुरवठा आटला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली, भाव चढले, कापसाखालची जमीन वाढली. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परतू लागला आणि भाव कोसळले. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली, पण युद्धाच्या काळातला तो भाव परतला नाही. एका पुरवठादारावर विसंबलेला खरेदीदार आणि एका खरेदीदारावर विसंबलेला शेतकरी, दोघांचे हाल एकाच दशकात दिसले.

मंडळाने १५० क्विंटलचा करार केला. उरलेल्या डाळीसाठी यवतमाळ आणि पुसदच्या चार किराणा ठोक विक्रेत्यांशी बोलणी झाली. त्यांचा भाव किलोला तीन-चार रुपयांनी कमी आहे, पण ते रोख देतात. त्यांना पाऊच नको, तीस किलोचे कट्टे हवेत, आणि तसे कट्टे देणारा सध्या एकच व्यापारी आहे. त्याचं नाव भिंतीवर लाल पेनाने लिहिलेलं आहे आणि दुसरा शोधण्याचं काम हिशेब पाहणाऱ्या ताईंकडे दिलं आहे.